वीतभर बाहेर

डोंगराकडच्या भिंतीचे उरलेले तोंड सकाळी उघडले. मुख्य गवंडी आत डोकावला आणि तसाच उभा राहिला.

"तोंड का उतरलं तुझं?" खुर्चीवरून त्याच्या आईने विचारले. कामावर नजर ठेवायला ती खुर्ची महिनाभर जुन्या रस्त्याच्या ऐन वळणावर मांडली जात होती. ती हलवा, असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नव्हती.

"लांब दगड नाहीत, आई."

भिंतीचा पुढचा थर मागच्या थराशी बांधून ठेवतात ते हे आरपार दगड. दर चार हातांवर एक तरी हवाच. इथे वीस हातांत एकही नव्हता. आत नुसता चुरा. साठ वर्षांपूर्वी याच वळणावर भिंत फुगून कोसळली आणि रस्ता कायमचा बंद पडला. घरात त्याचे खापर नेहमी डोंगरावर फोडले जाई. भिंत आईच्या वडिलांनी बांधली होती.

आता रस्ता पायी फिरणाऱ्यांसाठी पुन्हा खुला होणार होता. वळणावरची पाटी तयार होती. तिच्यावर बांधणाऱ्याचे नाव यावे, यासाठी आईने कचेरीत सात हेलपाटे घातले होते.

कचेरीकडून कामावर आलेल्या इंजिनिअर बाईंनी वही मिटली. "आजी, नियमाप्रमाणे जसं होतं तसंच बांधायचं असतं."

"चुकीसकट?"

"तसं कसं? माणसं चालणार आहेत इथून. लांब दगड घालू. तोंडं घडवून भिंतीच्या पातळीत आणली, की कोणाला कळायचंही नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "पाटी आहे तशी लागेल."

"बरोबर बोलतात बाई," मुलगा घाईने म्हणाला. "आजोबांची झाकली मूठ राहील."

आई उठली. काठी टेकत भिंतीपाशी गेली, भगदाडात हात घातला आणि मूठभर चुरा बाहेर काढला. तो तिने मुलाच्या पायांपाशी सोडला.

"ही बघ उघडली मूठ. आता झाकतोस काय? दगड घाल, आणि प्रत्येकाचं तोंड वीतभर बाहेर ठेव."

"अगं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल!"

"दिसण्यासाठीच सांगते आहे. आधी नव्हते, मागाहून घातले, हे कळू दे."

"आणि पाटीवरचं नाव?" बाईंनी हळूच विचारले.

"राहील. भिंत त्यांनीच बांधली होती."

पहिला लांब दगड बसायला दुपार टळली. बाहेर आलेल्या तोंडावर आईने आधी काठी आपटून पाहिली. मग काठी मुलाकडे दिली, दोन्ही तळवे दगडावर टेकले आणि अंगाचा सगळा भार टाकला.

दगड हलला नाही.

"खुर्ची घरी न्या," ती म्हणाली.