पुकारा

सीमेवर लढाई पेटली हुती. 'लढाई थांबवा' असं स्टेटस ठेवलं म्हणून कबनूरच्या यल्लाप्पाला पोलिसांनी उचललं, कोर्टापुढं आणलंच न्हाय. त्याची बायको सरुबाई कोल्हापूरच्या कोर्टात आली, तवा जजबाईंनी पोलिसांच्या मोठ्या साहेबांना बोलावलं. मी कोर्टाचा शिपाई. दारात जाऊन पुकारा केला, "इंगवलेसाहेब, हाजिर हाय काऽ?" साहेब खाली गाडीतच बसून राहिलं. जजबाई म्हणाल्या, "पुकाऱ्यात साहेब नसतो. सगळ्यांना पुकारता तसं पुकारा." सरुबाई माझ्याकडंच बघत हुती. डोळं मिटून वरडलो, "धैर्यशील इंगवले, हाजिर हाय काऽ?" साहेब पळतच वर आलं. "मॅडम, युद्ध चालू आहे." "कोर्टही चालू आहे," बाई म्हणाल्या. मग मला सांगितलं, "आता यल्लाप्पाचा पुकारा करा." मी पुकारलं. सगळ्यांनी दाराकडं बघितलं, साहेबांनी तेवढं फरशीकडं.