मस्कतचा आचारी

“खाऊन दाखव,” साहेब म्हणाले.

शिवयोगीच्या हातात डाव तसाच राहिला. पातेल्यात मटण रटरटत होतं, तर्री वर आली होती, वासानं नव्या पेठेतली कुत्री दाराशी गोळा झाली होती. सगळं कसं झकास जमलं होतं! आणि आता हे.

“खाऊन, साहेब?”

“मग काय नुसतं हुंगून? मस्कतला कंपनीच्या छावणीत रोज शंभर-दीडशे माणसं जेवणार. स्वतः न चाखणारा आचारी तिकडं धाडला, तर कंपनी माझ्या नावानं शिमगा करील.”

मुंबईच्या एका एजंटाकडचे हे साहेब आचारी निवडायला सोलापुरात आले होते आणि एका बंद खानावळीच्या अंगणात स्टोव्ह मांडून परीक्षा घेत होते. त्यांनी पासपोर्टवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

“शिवयोगी. तुमच्यात चालतं ना हे? नसेल तर आत्ताच सांग. व्हिसा एकच उरलाय आणि बाहेर चौघं बसलेत.”

न्हाय म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं, खरंच उघडलं होतं. लिंगायताचं पोर, गळ्यात लिंग, होटगीच्या घरात कधी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मटण तो शिकला होता मित्राच्या हॉटेलात, भट्टीपाशी उभं राहून, नुसतं बघून बघून. पण बाहेर चौघं बसले होते. आणि दुसऱ्याच्या खानावळीत वरणाला फोडण्या घालता घालता त्याचं चोविसावं सरत आलं होतं.

“चालतं की, साहेब,” तो म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तर काय बिघडत होतं? पण साहेबांची नजर अजून त्याच्या तोंडावरून हलेना, म्हणून त्यानं वर आणखी जोडलं, “आमची अव्वाच करते की घरी. दर रविवारी. तिच्याच हाताखाली शिकलो मी.”

आणि एक फोड उचलून तोंडात टाकली. चावली. गिळली. सदऱ्याच्या आत लिंग होतं, तिथवर हात न्यायचा त्याला धीर झाला नाही. आणि वर हसला मेला! साहेबांनीही एक फोड खाल्ली, मान डोलावली, मग न विचारता दुसरी घेतली.

“पास,” ते म्हणाले. “पासपोर्ट ठेवून जा. महिन्याभरात व्हिसा येईल.”

नेमकी तेव्हाच त्याची आई, त्याची अव्वा, दारात येऊन उभी राहिली. शांतम्मा सकाळच्या गाडीनं होटगीहून पोराबरोबर आली होती आणि एवढा वेळ सिद्धेश्वराच्या देवळात बसून होती. कपाळभर विभूती, मुठीत खडीसाखरेचा प्रसाद. अंगणातल्या वासानं तिनं पदर नाकाला लावला. दुसऱ्या कुणाचं तरी शिजत असेल, असंच तिला वाटलं असणार. पोरगा वरणभात रांधणार होता. तसं सांगूनच तर त्यानं तिला देवळात धाडलं होतं.

“ह्याच का तुझी आई?” साहेब भलतेच खुशीत होते. “या बाई, या! पोराला मटण काय झकास शिकवलंय तुम्ही! दर रविवारी तुमच्या हातचं खातो म्हणे. उगाच नाही असा हात बसला!”

आत्ता धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं शिवयोगीला झालं. अव्वाकडं बघायची सोय नव्हती. तो पातेल्याच्या काठाकडं बघत राहिला. तिनं नुसतं ‘आमच्यात न्हाय चालत’ म्हटलं की संपलं. व्हिसाही गेला आणि मस्कतही गेलं. आणि ती दुसरं काय म्हणणार? जन्मात खोटं बोलली नव्हती बाई. आज तर मुठीत देवाचा प्रसाद होता.

“बाई?” साहेबांचं हसू जरा कमी झालं. “तुम्हीच शिकवलंत ना?”

शांतम्मानं नाकावरचा पदर खाली घेतला.

“व्हय, साहेब,” ती म्हणाली. “मीच शिकवलंय.”

दोघं रस्त्याला लागली. स्टेशनाच्या वाटेवर कडेला एक नळ होता. तिथं ती थांबली. प्रसाद पदराच्या टोकाला बांधला, गाठ ओढून बघितली आणि नळाखाली ओंजळ धरली.

तिनं चूळ भरली. थुंकली. पुन्हा भरली. बोट घालून दात घासले, जीभ घासली, परत चूळ. येणारी-जाणारी माणसं बघायला लागली. खाल्लं होतं त्यानं आणि चुळा भरत होती ती. शिवयोगी मागं उभा होता, कानांच्या पाळ्या तापलेल्या, हात कुठं ठेवावेत तेही कळेना.

“अव्वा, पाया पडतो, बास कर,” तो म्हणाला. “चुकलो मी. जात न्हाय मी मस्कतला. आत्ता जाऊन पासपोर्ट मागून आणतो.”

“गप चल,” ती म्हणाली. “गाडी चुकंल.”

तिनं नळ बंद केला आणि ओल्या तोंडानं तशीच पुढं निघाली. तो मान खाली घालून तिच्या मागं. स्टेशन दिसायला लागलं तेव्हा ती मागं न बघताच म्हणाली,

“मीठ तरी बराबर पडलं हुतं का?”