खुंट्यावरचा नंबर

"बाबा, काठी आवरा. खुंटा तारेवरून निसटला तर मला हौदात सूर मारावा लागेल," थीरा म्हणाली आणि तारेला बांधलेला खुंटा तिने कॉस्टिक सोड्याच्या हौदात सोडला.

तिचा सासरा लाउरिट्स हसला नाही. तो सकाळपासून बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. दिसत नव्हतं काही, पण कान हौदाकडे लागले होते.

खुंटा म्हणजे होडीचा दोर गुंडाळायचा, वीतभर लांब. तीन दिवसांपूर्वी शिंपल्या काढणाऱ्या क्रेस्टेनच्या जाळ्यात आला. खरवडल्यावर आत जुनं ब्राँझ निघालं आणि वर जागोजाग सोललेला क्रोमचा मुलामा. असं सामान असलेली एकच होडी समुद्रात हरवली होती, म्हणून थुरो बेटावर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. एस्बेन. लाउरिट्सचा मुलगा, थीराचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी तो 'टेर्ना' ही होडी घेऊन गेला. पहाटे उठला, एकटाच निघाला, इतकंच थीराने तेव्हा सांगितलं होतं. पुढे ना होडी मिळाली, ना माणूस.

'टेर्ना' बांधली होती लाउरिट्सनेच. दहा होड्यांचं सामान मुलाम्याला एकाच हौदात जायचं, अदलाबदल व्हायची. म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक वस्तूच्या पोटावर तो होडीचा नंबर ठोकायचा. 'टेर्ना'चा नंबर त्रेपन्न. खुंट्यावर तो असलाच तर मुलाम्याच्या थरांखाली होता. जुळला, तर सोमवारी पोलीस क्रेस्टेनने दाखवलेल्या जागी पाणबुडे उतरवणार होते.

"स्वेनबोर्गच्या कारखान्यात दिला असता तर कालच उरकलं असतं," लाउरिट्स म्हणाला.

"दुसऱ्याच्या हातात नव्हता द्यायचा मला."

म्हातारा गहिवरला. "तुझ्यासारखी सून बघायला मिळत नाही, पोरी."

गावही तेच म्हणायचं. अकरा वर्षं बाई एकटी राहिली, सासऱ्याला सांभाळलं, मुलाम्याचा कारखाना चालवला. गाव एरवी कुणाला चांगलं म्हणायचं नाही.

थीराने वीज सोडली. मुलामा चढवताना जशी सोडतात, त्याच्या उलटी. पाण्यात पिवळा धूर पसरावा तसा क्रोम सुटू लागला.

"सोन्यासारखं ब्राँझ, आणि त्यावर हे आरशाचं सोंग," लाउरिट्स पुटपुटला. "मी नको म्हटलं होतं. पण त्याला सगळं चकचकीत लागायचं. त्याच्यापुढे कुणाचं काही चाललं का कधी?"

"कुणाचंच नाही," थीरा म्हणाली.

तिने खुंटा उजव्या हाताने बाहेर काढला. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत, एस्बेन असतानाचं जुनं दुखणं. खुंटा धुऊन ॲसिडच्या हौदात टांगला आणि तिथेही वीज सोडली. आता क्रोमखालचा निकेलचा थर उतरायचा होता. तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. देवा, त्रेपन्न नको. दुसरा कुठलाही नंबर दे, पण त्रेपन्न नको.

आणि इकडे बाकावर म्हातारा त्रेपन्नासाठी हात जोडून बसलेला. देवाने तरी ऐकावं कुणाचं!

"तुम्ही घरी जाऊन दोन घास खाऊन या. काळा पाव काढून ठेवलाय, हेरिंग मासा आहे."

"नाही उतरायचं घशाखाली. डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत काही मी टिकत नाही. मला त्याचं काही नाही गं. पण तुझ्या सासूच्या थडग्याशेजारी मी त्याची जागा धरून ठेवलीय. त्याला तिथे ठेवला की मी सुटलो. जिवंत असेल ही आशा तू धर, तू बायको आहेस. मला आता फक्त त्याची हाडं दे."

थीराला हुंदका आवरला नाही. या घरात तिच्याशी कुणी मायेने बोललं असेल, तर तो हाच माणूस. तिने खुंटा वर काढला, धुतला, उजेडाकडे धरून उलटा केला.

पाच. तीन. अंगठ्याच्या नखाएवढे आकडे, खाऱ्या पाण्याने झिजलेले, तरी वाचता येणारे.

"काय दिसतं?" लाउरिट्स अर्धवट उठला होता.

"अजून थर आहे, बाबा. थोडं थांबा."

तिने खुंटा परत ॲसिडमध्ये सोडला आणि वीज वाढवली. असं करू नये, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. निकेल संपलं की ॲसिड ब्राँझ खायला लागतं. हौदाशी उभी राहून ती बघत राहिली. म्हातारा एस्बेनच्या लहानपणीचं सांगत होता, ती हं हं करत होती. दर दहा मिनिटांनी ती खुंटा काढून बोट फिरवायची आणि परत सोडायची. तीन आधी गेला. पाच जायला दुपार झाली.

मग तिने खुंटा स्वच्छ धुतला आणि सासऱ्याच्या हातात दिला.

लाउरिट्सने पोटावर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, मग कडेकडेने. चाळीस वर्षं ज्या जागी हातोडा मारला ती जागा त्याला पाठ होती.

"नाही," तो म्हणाला. "हा आमचा नव्हेच. आमच्यावर नंबर असतोच असतो." त्याचा चेहरा पडला. "म्हणजे सोमवारी कुणी उतरणार नाही."

"नाही, बाबा."

"आणि मी असाच जाणार."

तो लहान मुलासारखा रडू लागला. थीराने त्याला कुशीत घेतलं आणि तीही रडली. ते रडणं खोटं नव्हतं. त्याच्यासाठी तिने जीव दिला असता, पण सोमवार देता येत नव्हता. पाणबुडे खाली गेले असते, तर 'टेर्ना'च्या केबिनच्या दाराला, एस्बेन आत झोपलेला असताना तिने बाहेरून घातलेली कडी त्यांना दिसली असती.