घेऊन जा गे मारबत!

देवकी पुन्हा नळावर पडली. बादली एकीकडे, घागर दुसरीकडे आणि मधे ही. डोळे उघडे, पण नजर जाग्यावर नाही. शेजारच्या कौशल्याबाईंनी तिला धरून घरात आणलं, तेव्हा तोंड इतकं सुकलं होतं की पाणी मागायलाही जीभ वळेना.

तिचा नवरा चंद्रभान इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला. निरोप मिळाला तसा हातातली परात टाकून पळत आला.

"काय झालं वं?"

"काही नाही. घर फिरून राहिलं नुसतं."

घर जागच्या जागी होतं, फिरत होता तो चंद्रभान. दवाखाने झाले. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, छाती पाहिली आणि म्हणाले, आजार काही सापडत नाही, दूध-तूप खाऊ घाला. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या झाल्या. कुणी म्हणालं कांदा हुंगवा, कुणी म्हणालं उशाखाली विळा ठेवा. तेही केलं.

सासूबाईंना, सिंधूताईंना, आधी गोड बातमीच वाटली होती. चिंचासुद्धा आणून ठेवल्या. पण दाईनं पोट पाहून मान हलवली.

सिंधूताई तोंडाच्या फटकळ, पण सुनेवर जीव टाकायच्या. मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तर कुणाला ठसकाही लागला नाही. "पाह्य, नजरच हाय!" त्या म्हणाल्या. नजर निघाली असेल, चक्कर काही निघाली नाही. डॉक्टरांचं दूध तेवढं त्यांना पटलं नाही. घरात दूध यायचं थोडं. चहाचं बाजूला काढून उरलेलं कमावत्या पुरुषाला, ही त्यांच्या सासूची शिकवण. जेवण झालं की चांगली दोन चमचे साखर ढवळून त्या पेला स्वतः लेकाच्या हातात द्यायच्या. सुनेला मेथीचे लाडू करून दिले. सून काय दूध पिते?

एक दिवस त्या म्हणाल्या, "चंदू, हिले उमरेडले नेऊ. भैयाजी वैद्याकडं. हातगुण हाय त्याचा."

"तुले काय माहीत वं, माय?"

"मले माहीत हाय," म्हणून त्या तांदूळ निवडायला बसल्या.

माहीत असणारच. आखाडात लेकाला न सांगता एसटीनं उमरेडला त्याच तर गेल्या होत्या. चंद्रभान तेव्हा रोज मोहाची पिऊन भिंती धरत घरी यायचा. भैयाजींनी पुडी दिली. "चिमूटभर, गोडातून. लय कडू असते. त्याले कळू देऊ नका, नाही तर गुण जाते." सिंधूताईंनी चकार शब्द काढला नाही. आणि श्रावण लागला न लागला तोच लेक दिवे लागायच्या आत घरी यायला लागला. तोंडाला वास नाही, पायात वळण नाही. माउलीनं कोराडीच्या देवीला नारळ फोडला.

पण सुख कसलं? लेक सुधारला तर सून झोपली.

"पीडा घर सोडत नाही, बाई," त्या कौशल्याबाईंना म्हणाल्या, "माणूस बदलते नुसतं."

पोळा झाला की उमरेडला जायचं ठरलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली. काळी अन् पिवळी, पुतळे हे एवढाले, रस्त्याला मुंगी शिरायला जागा नाही. गावाची रोगराई ती घेऊन जाते, मग आपल्या घरची का नाही? सिंधूताईंनी सुनेला हाताला धरून रस्त्यापर्यंत आणलं, तिच्यावरून लिंबू उतरवलं आणि गर्दीत फेकलं.

"माझ्या सुनेची चक्कर घेऊन जा गे मारबत!"

त्या घसा फोडून ओरडल्या. देवकी त्यांच्या खांद्याला टेकून हसली. किती दिवसांनी हसली पोरगी!

पण तो दिवस करीचा. पोळ्याच्या करीला गल्लोगल्ली मोहाची वाहते, सोडलेलेही त्या दिवशी पितात. संध्याकाळी दोस्त रुपराव दारात आलाच.

"चल ना बे चंद्या! कर हाय आज."

"नाही गा. सोडली म्या."

रुपराव गेला, पण सिंधूताईंना भरवसा वाटेना. आज नाही म्हणाला, घटकाभरानं उठून गेला म्हणजे? इतक्या दिवसांची कमाई पाण्यात! आज चिमटीनं भागायचं नाही. डब्यामागची पुडी काढून त्यांनी सगळीच पेल्यात रिकामी केली.

जेवणं झाली. चंद्रभान नेहमीसारखा पेला घेऊन खोलीत गेला आणि थोड्या वेळानं रिकामा घेऊन बाहेर आला. कुठं गेला नाही. सिंधूताईंनी मनातल्या मनात भैयाजींना हात जोडले.

"माय, रागावणार नाहीस तर एक सांगतो," तो म्हणाला. "दारू काही आपोआप नाही सुटली. देवकी पहिल्यांदा पडली ना, त्या दिवशी शपथ घेतली. ही धड उभी होईस्तोवर थेंब नाही."

सिंधूताईंना हसू आलं. शपथेनं कधी दारू सुटते होय! "गुणाचा माझा लेक," म्हणून त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला. "सगळं दूध प्यालास ना?"

"मी कुठं पितो, माय? तू तिले देत नाहीस, म्हणून लग्न झाल्यापासून माझ्या वाटचं तिलेच देतो. आज लय कडू लागते म्हणून नको म्हणत होती, म्याच जबरदस्तीनं पाजलं." त्यानं पेला आईच्या हातात दिला. "आता कशी गाढ झोपली, पाह्य ना. हलवून राहिलो तरी उठून नाही राहिली."