विसाव्याची जागा

म्हस्कूची तिरडी रस्त्याच्या मधोमध टेकवली होती. विसाव्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या तीच. जालन्याचा डांबरी रस्ता तिच्यावरून गेला, तरी गावची माणसं खांदा बदलायला तिथंच थांबत. शेवटचं तोंड बघायचं ते इथं. एकदा इथून उचलली की तिरडी मसणवट्यापर्यंत खाली टेकवायची नाही.

सगळे आशाबाईसाठी खोळंबले होते. म्हस्कूची एकुलती लेक, जालन्याच्या अंगाला राजूरला दिलेली. सकाळीच सायकलवाला निरोप घेऊन गेला होता. भजनी मंडळी हलक्या टाळांवर नाम घेत होती.

तेवढ्यात भोकरदनकडून मोटार आली नि थांबली. रस्ता उंच भरावावर, दोन्ही अंगांना खोल उतार. बाजूनं काढायला जागा नाही. कुणीतरी टोमणा मारला, की मोटारवाल्याला मेलेल्या माणसापुढंही जल्दी. ड्रायव्हर भुजंग खाली उतरला, तिरडीला हात जोडले. मोटारीत अडलेली बाळंतीण होती. रात्रीपासून कळा, सुईणीनं हात टेकले, आता जालन्याचा दवाखाना. सांगताना त्याची मान खालीच होती.

तिरडी जराशी अलीकडं घ्यावी, असं एकजण पुटपुटला. गावातले जाणते आबाराव म्हणाले, तसं करता येत नाही. टेकवलेली तिरडी पुढंच जाते. आणि लेक कोसभरावर आली असेल. बापाचं तोंड तिला पुन्हा कुठं दिसणार?

मोटारीतून कण्हणं ऐकू आलं. टाळ थांबले.

कडूबाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिनं त्याच्या तोंडावरची माशी पदरानं वारली.

"आबाजी, उचला ह्यांना. बारा साल ह्याच रस्त्यावर मैलकुली व्हते. गाडी आली की फावडं घिऊन कडंला सरकायचे. आज कशाला आडवे पडतील?"

पहिला खांदा आबारावांनीच दिला. तिरडी भरावाखालच्या, मसणवट्याकडं जाणाऱ्या पायवाटेला लागली. पुन्हा नामाचा गजर सुरू झाला.

भुजंग मोटारीत चढता चढता थबकला. "मावशी, लेक वाटंत भेटंलच मला. कशी वळखू?"

"पळत येत असंल." कडूबाई खालच्या पायवाटेकडं बघत राहिली. "बाबा, तिला म्हनावं, आता हळू ये."