पंचविसावी तबकडी

“मागे पडलीस,” डॉक्टर म्हणाले. “तबकडी होती तिथे बार काढलास. ती काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे?”

तिने दुनळी बंदूक बिजागरीपाशी मोडून रिकामी काडतुसं काढली. गणित तिला तोंडपाठ होतं. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकडीचा वेग, छऱ्यांचा वेग, मधलं वीस मीटर अंतर. नळी सव्वा मीटर पुढे हवी. सिमेंटचे ठोकळे दाबून फोडणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती आणि आकड्यांनी तिला कधी दगा दिला नव्हता. खांदा मात्र आकड्यांचं ऐकत नव्हता.

“हिला सगळं गणित येतं,” डॉक्टर शेजारच्या म्हाताऱ्याच्या कानात ओरडले. “फक्त नेम लागत नाही!”

“तुझ्या सुईपेक्षा बरा लागतो,” वायरलेसकाका म्हणाले. स्फोटाने त्यांचा एक कान गेला होता, जीभ शाबूत होती. “अख्खी पलटण तुझ्यासमोर पालथं पडायला घाबरायची.”

ती हसली नाही. तिचं लक्ष मैदानाच्या कडेला होतं. तिथे साहेब उभे होते, तबकड्या उडवणाऱ्या यंत्राचं बटण हातात घेऊन. पंचाहत्तरी ओलांडलेले, ताठ, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

युद्धात साहेबांनी एक पूल उडवायचा हुकूम दिला, तेव्हा एकोणीस जण पलीकडच्या काठावर होते. “आपली माणसं अजून तिकडेच आहेत,” हे वायरलेसकाकांनी त्यांच्या कानावर तीनदा घातलं होतं. त्या एकोणिसांत तिचे वडील होते. ती तेव्हा दोन वर्षांची. देह सापडला नाही, म्हणून आईने पुढे अकरा वर्षं दाराला आतून कडी लावली नाही.

चौकशी झाली. साहेब निर्दोष सुटले.

मग अट ठरली. दर रविवारी साहेबांनी मैदानावर यायचं आणि बटण दाबायचं. पलटणीतल्या किंवा मेलेल्यांच्या घरातल्या कुणीही एका फेरीत पंचवीसच्या पंचवीस तबकड्या फोडल्या, की त्याने बंदूक पुन्हा भरायची आणि साहेबांनी समोर येऊन उभं राहायचं. ‘माझ्याच चुकीने मी बंदुकीच्या वाटेत आलो’ असा कागद सही करून कपाटात ठेवलेला होता.

पलटणीतले आता हे दोघेच उरले होते. एक दिवस ते तिच्या घरी आले, अट सांगितली आणि उठून गेले. त्याच रविवारी ती मैदानावर हजर झाली.

चौदा महिने. खांदा जांभळा झाला, पिवळा पडला, पुन्हा जांभळा झाला. अकरा, पंधरा, एकोणीस. दोघं म्हातारे तिच्यासाठी जिवाचं रान करत. पाय कसे रोवायचे, गाल बंदुकीच्या दांड्याला कसा टेकवायचा, श्वास कुठे सोडायचा. प्रत्येक तबकडी फुटली की तिच्या मनात साहेबांचा शर्ट फुटायचा.

एका रविवारी वाऱ्यामुळे खेळ बंद राहिला, तेव्हा तिने कपाटातले जुने गुणतक्ते उपसले. पंचवीस एकदाही कुणाला जमल्या नव्हत्या. चोवीस मात्र एक्केचाळीस वेळा. आणि दर वेळी हुकली होती ती शेवटचीच तबकडी.

“शेवटची तर सगळ्यात सोपी,” ती म्हणाली. “मधल्या जागेवरून, दहा पावलांवर. परातीएवढी दिसते.”

“पुढे काय करायचंय ते आठवतं, पोरी,” डॉक्टर म्हणाले. “हात कापतो.”

“माझा नाही कापणार.”

“बघू.”

आणि एका स्वच्छ सकाळी तिच्या चोवीस झाल्या.

ती मधल्या जागेवर गेली. पायाखाली तबकड्यांच्या खापऱ्या कुरकुरल्या. साहेब बटण घेऊन पाच पावलांवर येऊन उभे होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. घड्याळ सोडलं. ती त्यांच्या चेहऱ्यावर भीती शोधत होती. चौदा महिने ती त्या एका क्षणासाठी जगली होती.

भीती नव्हती. दवाखान्याच्या बाकावर दिवसभर ताटकळलेल्या माणसाला एकदाचं आत बोलवावं, तसा तो चेहरा होता.

“छान,” साहेब पुटपुटले. तिच्याशी ते प्रथमच बोलत होते. “घाई नको. डावा पाय जरा पुढे घे. ही सरळ अंगावर येते, फार पुढे नेम धरू नकोस. जमेल तुला, बेटा. नक्की जमेल.”

तिने बंदूक खाली केली आणि मागे वळली.

“डॉक्टरकाका, पंचवीसची अट यांनी घातली?”

“छे. हे तर चौकशीनंतर भरलेलं पिस्तूल घेऊन माझ्या दारात उभे. म्हणे, स्वतःच्या हाताने जमत नाही, तुम्ही सोडवा. अट आमची.”

“तुम्ही किती वेळा आलात इथवर?”

“मी नऊ. हा तेरा.”

“आणि हात कापला?”

डॉक्टरांनी उजवा हात समोर धरला. सत्तर वर्षांचा हात. एक बोट हललं नाही.

ती बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिली. मग वळली, गाल दांड्याला टेकवला.

“सोडा!”

साहेबांनी बटण दाबलं. तबकडी सरळ तिच्याकडे आली, मोठी, संथ. तिने नळी अचूक तिच्यावर नेली, तबकडी नळीआड पुरती झाकली गेली. मग तिने नळी सावकाश वर उचलली आणि रिकाम्या आभाळात बार काढला.

तबकडी गवतात अख्खी उतरली. साहेबांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला.

तिने दुनळी मोडली, धुरकट काडतूस काढलं आणि त्यांच्याकडे पाहून हसली.

“तब्येतीला जपा, साहेब.”