तळमजल्यावर एक न्हाणीघर

दोनदा बेल वाजवूनही आतून कोणी येईना, तेव्हा ठेकेदाराने वही उघडून पत्ता पुन्हा ताडून पाहिला. घर हेच होतं. आजचं हे सातवं. आधीच्या सहा घरी त्याच्याअगोदर दुसरंच कुणीतरी काम पटकावून गेलं होतं, आणि पायांचे तर नुसते तुकडे पडायचे बाकी होते.

दर आठवड्याला तो नगरपालिकेत जायचा. बांधकाम परवान्यांचं रजिस्टर कुणालाही बघता येतं, फक्त त्या धुळीत बसायची चिकाटी हवी. मोठ्या इमारतींची पानं तो सरळ उलटायचा. तिथे बडी मंडळी केव्हाच पोचलेली असतात. तो शोधायचा किरकोळ नोंदी. 'तळमजल्यावर एक न्हाणीघर' असं दिसलं की त्याच्या जीवात जीव यायचा. न्हाणीघर खाली हवं म्हणजे घरात म्हातारं माणूस, गुडघे गेलेले, जिना चढवत नाही. अशी माणसं घासाघीस करत नाहीत, कधी सुरू करता एवढंच विचारतात. शिवाय पालिकेचं पत्र टपालाने यायला आठवडा जातो, तोवर हा वही घेऊन दारात हजर.

आज काम मिळायलाच हवं होतं. सकाळीच मिस्त्री म्हणाला होता, "शेठ, एका कंपनीने सोमवारपासून बोलावलंय. तुमच्याकडे काही असेल तर नाही म्हणतो त्यांना. पाचपर्यंत सांगा." बावीस वर्षं दोघांनी एका डब्यात जेवून कामं केली होती. शेठ कसला न् काय! हात मिस्त्रीचे, तोंड याचं. मिस्त्री गेला की याच्याकडे उरणार काय, तर एक टेप आणि ही वही.

दार उघडलं. पंचेचाळिशीची बाई, चुरगळलेले कपडे, डोळे जागरणाचे.

"ताई, अभिनंदन," तो म्हणाला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, हा त्याचा नियम. "तुमच्या न्हाणीघराला मंजुरी मिळाली. कालच सही झाली. मी ठेकेदार. बारा दिवसांत काम उरकून देतो, माझा मिस्त्री एक नंबर आहे."

ती नुसतीच बघत राहिली. पहिल्या फटक्यात लोकांना खरं वाटत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने ठेवणीतलं वाक्य काढलं. या वाक्यावर भलीभली दारं उघडली होती.

"आता बाबांना एकही पायरी चढावी लागणार नाही."

"नाही," ती म्हणाली. "बाबांना जाऊन वीस दिवस झाले."

आपली जीभ झडली असती तर बरं, असं ठेकेदाराला वाटलं. "माफ करा ताई," एवढंच कसंबसं म्हणून तो मागे वळला.

"थांबा हो. तुम्हाला काय माहीत. आत या, पाणी घ्या. दमलेले दिसताय."

दमलेला होताच. बसला. समोर जिना होता, अरुंद आणि मधेच वळलेला, भिंतीला घरच्या घरी ठोकलेला लाकडी कठडा.

"दिवसातून चारदा मी त्यांना वर न्यायची," ती पाणी देत म्हणाली. "अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. नकाशासुद्धा स्वतः काढला. मला म्हणायचे, थोडे दिवस कळ काढ. दहा महिने गेले."

"सरकारी काम आणि सहा महिने थांब," ठेकेदार सवयीने बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"रोज विचारायचे, पत्र आलं का. एकदा मी खेकसले त्यांच्यावर. म्हटलं, आलं की सांगेन ना, सारखं काय तेच तेच. नंतर त्यांनी विचारलंच नाही."

ठेकेदाराच्या डोक्यात सवयीचा हिशोब सुरू झालाच. मंजुरी वर्षभर चालते. 'ताई, उद्या तुमचेही गुडघे दुखायला लागतील,' हे वाक्यही त्याच्याकडे तयार असायचं. ते अगदी ओठांवर आलं. त्याने ते पाण्याबरोबर गिळून टाकलं.

"नोंद बघू," ती म्हणाली.

त्याने वही पुढे केली. त्याच्याच गिचमिड अक्षरात तिच्या वडिलांचं नाव, पत्ता, काम, आणि शेवटी 'मंजूर'. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"जरा वर नेऊ? बाबांचा फोटो वर आहे."

त्याने मान हलवली. वही घेऊन ती जिना चढून गेली.

चार वाजून गेले होते. खिशात फोन वाजला. मिस्त्री.

"काय शेठ, जमलं का?"

"इथे नाही."

"मग पुढचं बघा. यादीत अजून असतील की घरं."

"तीन आहेत. पण वही आत्ता माझ्याकडे नाही."

"मग मागून घ्या ना. मला पाचला कळवायचंय त्यांना."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला वाचून दाखवावं तसं ती सावकाश, मोठ्याने वाचत होती. नाव, पत्ता, तळमजल्यावर एक न्हाणीघर, मंजूर. ती थांबली. आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

"शेठ, ऐकताय ना?"

"सोमवारी तू जा," ठेकेदार हळू आवाजात म्हणाला. "येतो म्हणून कळव त्यांना."